विहीर गावाची, रहाट सावकाराचा

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. त्याच सुमारास बड्या औषध कंपन्या नव्या प्रतिजैविकांच्या संशोधनातून अंग काढून घेत होत्या. आठवडाभरात रोगी बरा करणाऱ्या औषधापेक्षा जन्मभर घ्यावी लागणारी गोळी अधिक नफा देते, हे त्यामागचे अर्थशास्त्र!

वास्तविक जिवाणूंना मारणारे विषाणू निसर्गात मुबलक आहेत. १९१७ साली फेलिक्स देरेल याने त्यांना 'बॅक्टेरिओफाज' हे नाव दिले. पटकीवरील प्रयोगांसाठी तो हिंदुस्थानातही येऊन गेला. तिबिलिसीत जॉर्जी एलियावा याने १९२३ मध्ये स्थापन केलेली संस्था आजही या उपचारासाठी ओळखली जाते. (त्याच एलियावाला १९३७ मध्ये स्टालिनशाहीने ठार केले, हेही समाजवाद्यांनी विसरता कामा नये.)

अडचण आहे ती या विषाणूच्या अल्पायुष्याची. पोटात घेतला तर जठरातील आम्ल त्याला नष्ट करते. रक्तात सोडला तर यकृत व प्लीहा त्याला गाळून टाकतात. म्हणून संशोधक त्याला कवच घालू लागले आहेत. समुद्रशैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या मण्यात बंदिस्त केलेला फाज जठर ओलांडून आतड्यात मोकळा होतो. मेदद्रव्याच्या सूक्ष्म पिशवीत ठेवल्यास तो शरीरात अधिक काळ टिकतो. शर्करेसह वाळवून त्याची भुकटीही करता येते. जिथे वीज गेली की शीतकपाट बंद पडते, अशा आरोग्यकेंद्राला या भुकटीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण खरी मेख या कवचातच आहे. निसर्गात सापडलेल्या सजीवावर आपला पेटंट कायदा कोणाची मालकी मानत नाही. नदीच्या पाण्यातील फाज सर्वांचा; त्याच्यावरील नव्या कवचाची कृती मात्र पेटंटाखाली जाऊ शकते. अंगरखा विकत घेतल्यावाचून अंग मिळणार नाही, अशी ही व्यवस्था! खर्च आम्ही केला, असे कंपन्या म्हणतील. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जनतेचा जो पैसा ओतला गेला, त्याचा हिशेब कोण देणार?

शिवाय एक फाज ठरावीक जिवाणूंनाच मारतो. ठिकठिकाणच्या रोग्यांतील जिवाणू तपासून मिश्रणे सतत बदलावी लागतात. एकच गोळी जगभर खपवणाऱ्या व्यापाराला ते मानवणारे नाही. हे सार्वजनिक प्रयोगशाळांचे काम आहे. पेनिसिलीनसाठी १९५४ मध्ये पिंपरीत सरकारी कारखाना उभा राहिला होता. पुढील राज्यकर्त्यांनी तो रोडावू दिला. परळची हाफकिन संस्था तर शतकाहून जुनी आहे. या दोन्ही संस्थांना हे काम व त्यासाठी पैसा द्यावा. आणि सरकारी खर्चाने सिद्ध झालेले कोणतेही कवच एकाच कंपनीला मक्त्याने देऊ नये, हा ठराव आपल्या जिल्हा शाखांनी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनापूर्वी करून धाडावा.