मोकळी जागा नाही, शेत आहे



"मुंबईत शेती?" हे ऐकून कान किटले. मुंबई उपनगर जिल्हा १९९० ला वेगळा झाला, त्यातल्या बोरिवली तालुक्यात आमचं गोराई. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर माठ, मुळा, वांगी. बोरिवलीकडून यायला खाडीत बोट, गाडीने यायचं तर भाईंदर-उत्तनवरून वळसा.

एवढं लांब पडत असूनही रविवार आला की डोक्याला ताप. बांधावर दुचाकी लावतात, वाफ्यात उभं राहून फोटो काढतात, वांगं तोडून बघतात. बोललं की, "काका, एवढ्याशाने काय होतंय?" एकाने काही होत नाही, मलाही कळतं. पण वीस जणांनी तुडवल्यावर पाट बुजतो, पाणी पुढं जात नाही. सोमवारची सकाळ पाट ओढण्यातच जाते.

यंदा भातलावणीच्या वेळी चिखलातली बाटलीची काच बायकोच्या तळव्यात गेली. तीन टाके पडले. ज्याने बाटली टाकली तो केव्हाच विसरला असेल. मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा ना ही शेती." भाव पडला तेव्हा म्हणाला नव्हता, पाऊस फिरला तेव्हाही नाही. या किरकोळ त्रासाला मात्र पोरगं कंटाळलं.

लोक वाईट नाहीत. त्यांना इमारत नाही म्हणजे जागा मोकळी वाटते, एवढंच. तर या, पण बांधावरूनच चाला, बाटली परत न्या. वांगी पाहिजेत तर हाक मारा, मी तोडून देतो.