यक्षी म्हणजे कोणती देवी?

२०१९ चा उन्हाळा. न्यू जर्सीत एमएस चालू होतं, खिसा रिकामा आणि बाहेर मरणाचं उकडत होतं. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांना मेट म्युझियममध्ये तिकिटाचे परवडतील तेवढेच पैसे द्यावे लागतात. त्यामुळे वीकांताला फुकटात एसी हवा असेल तर याहून चांगली जागा नाही!

तर मी आणि माझा अमेरिकन रूममेट मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या मेट ब्रॉयरमध्ये शिरलो. (ती इमारत मेटने २०२० मध्ये सोडली.) आत मृणालिनी मुखर्जींच्या शिल्पांचं प्रदर्शन होतं. जन्म १९४९ चा, मुंबईचा, शिक्षण बडोद्याला, २०१५ मध्ये दिल्लीत त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि आठवड्याभरातच त्या गेल्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा नावही ऐकलं नव्हतं.

समोर माणसाहून उंच असं दोराचं काहीतरी उभं. गाठी, गाठी आणि नुसत्या गाठी. आईने लग्नाआधी मॅक्रमेचा झुला केला होता, त्याच जातीचं काम. पण हे आधी कागदावर न रेखाटता, हाताने गाठ मारत मारत वाढवलेलं. फूल म्हणावं तर शरीर वाटतं, शरीर म्हणावं तर झाडाचा बुंधा. पाटीवर 'यक्षी', १९८४. इतरत्र 'रुद्र', 'देवी', 'पक्षी'.

"हा कोणता देव?" रूममेटने 'रुद्र'कडे बोट दाखवून विचारलं.

आता तिथे भारताचा अधिकृत प्रतिनिधी मीच! दिलं ठोकून. रुद्र म्हणजे शंकर, त्याच्या हातात त्रिशूळ असतो, तो बघ तो उंचवटा... तो बिचारा मान डोलावत होता. त्रिशूळ कुठेच नव्हता.

ती थाप मला अजून टोचते. मुखर्जींनी स्वतःच म्हटलं होतं की त्यांची पावित्र्याची कल्पना कुठल्या एका संस्कृतीत रुजलेली नाही. आणि मी मात्र कॅलेंडरवरचा शंकर शोधत बसलो. आपल्याकडे 'पुराणांवर आधारित' म्हणून जी प्रदर्शनं भरतात, त्यांनी ही सवय लावलीय असं माझं स्पष्ट मत आहे. चकचकीत ब्राँझ, एक वळणदार सोंड. दोन सेकंदांत ओळखायचं, फोटो काढायचा, पुढे.

कुणी म्हणेल, मग 'रुद्र' नाव तरी कशाला द्यायचं? प्रश्न रास्त आहे. पण नाव नसतं तर मी तिथे दोन मिनिटंही थांबलो नसतो. नाव आपल्याला शोधायला लावतं आणि मग हाती काहीच लागू देत नाही. (शेवटच्या भागातल्या ब्राँझच्या कामांनी मला एवढं धरून ठेवलं नाही, हेही सांगून टाकतो.)

गंमत म्हणजे हे मला परकं नव्हतंच. आमच्या गावची देवी म्हणजे तांदळा. शेंदराचे थर चढलेला दगड. नाक नाही, हात नाहीत. आजी तिच्यासमोर तासन् तास बसायची. यात देवी कुठेय, असं तिला कधी कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाठ कुठली होती रे? चौकोनी की पिळाची?"

ते काही मी बघितलं नव्हतं.