भार जातो कोठे?

यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे तुळईचे, आसाचे किंवा सांगाड्याचे गणित आले म्हणजे त्याने प्रथम काय करावे? आमच्या मते त्या वस्तूची आकृती काढावी, तिच्यावर येणारे भार बाणांनी दाखवावे, आणि ते कोणत्या आधारांतून जमिनीत उतरतात याचा माग घ्यावा. सूत्राची पाळी त्यानंतर. परंतु हल्ली पुष्कळ ठिकाणी उलटा क्रम दिसतो. सोडविलेली उत्तरे मिळवून आकडे तेवढे बदलावे, किंवा संगणकात मापे भरून रंगीत चित्र छापून घ्यावे, की अभ्यास संपला! हा दोष एखाद्या महाविद्यालयाचा नव्हे. ओळखीचा प्रश्न ठरीव रीतीने सोडविणाऱ्यास जेथे पुरते गुण मिळतात, त्या सर्व पद्धतीचा आहे.

भाराचा विचार आधी केल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातूनच गेले आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ती १९०७ साली तडवळ्यास व १९११ साली लातुरास पोहोचली. यार्डास अवघे ३० पौंड वजनाचे हलके रूळ वापरावयाचे, तर इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये, असे त्यांनी प्रथम ठरविले आणि मग गाड्या आखल्या. स्वस्त रुळांवर भरपूर माल वाहिला गेला तो या हिशेबामुळे.

हिशेब न झाल्यास काय होते, हेही आपण पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागातील भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. १० फूट रुंद व १२ फूट लांब खोलीवर दीड फूट मातीचे माळवद असेल, तर ती माती १८० घनफूट झाली. घनफुटास ४५ किलो धरले तरी डोक्यावर ८,१०० किलो! जमिनीचा हिसका गुरुत्वाच्या एक पंचमांश जरी मानला, तरी भिंतींच्या माथ्यावर सुमारे १,६०० किलोंचा आडवा रेटा बसतो; आणि पुष्कळ भिंतींत दोन पदरांस जखडणारे आरपार दगडच नव्हते. हे गणित शाळकरी मुलासही येते. उणीव होती ती प्रश्न विचारण्याची. घर असो वा यंत्र, बलांचा नियम एकच आहे.

कोणी म्हणेल, आता संगणक असता हाताने आकडेमोड कशाला? संगणकाचे साह्य आम्ही नाकारीत नाही. परंतु बिजागरीसारखा फिरणारा आधार विद्यार्थ्याने घट्ट जखडलेला म्हणून नोंदविला, तर यंत्र तक्रार न करता चुकीचे उत्तर चार दशांशांपर्यंत देते. ती चूक ज्याने आधी हाताने अदमास घेतला आहे त्यासच उमजते.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्यास जिल्ह्यातील एक खरी वस्तू द्यावी: ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा आस, गुदामाचे पत्र्याचे छप्पर, विहिरीवरील पंपाची बैठक. त्याने ती स्वतः मोजावी, हाताने अदमास काढावा, मग संगणक चालवावा, आणि दोहोंत अंतर का पडले ते लिहावे. गुण त्या कारणमीमांसेस असावेत.

यात व्यापारी मंडळींचाही वाटा आहे. आपले गुदाम, कारखाना, वाहन एक दिवस या मुलांस मोजू द्यावे. त्यात खर्च नाही. वादळात ज्याचे छप्पर उडते किंवा भरल्या मोसमात ज्याच्या ट्रॉलीचा आस मोडतो, त्यास अशा शिक्षणाची किंमत निराळी सांगावयास नको. उद्या याच मुलांच्या आखणीखाली आपली माणसे निजणार आहेत. तेव्हा भार कोठे जातो हे त्यांस आजच विचारू द्यावे.