काळ्या खिडकीच्या बाजूने

भाड्याच्या सर्व्हरवर चार-पाचच गोष्टी चालवायच्या असतील तर बटणांचा डॅशबोर्ड लावू नये, कमांड लाईनच वापरावी, असं माझं ठाम मत आहे. जुनाट वाटेल, चालेल. आणि हे मत मला तांत्रिक कारणांपेक्षा घरच्यांमुळेच जास्त पटत चाललंय.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडं (जाणकारांनी हा परिच्छेद सोडावा). आपल्या घरातले स्कॅन केलेले फोटो, आजीच्या पाककृतींची वही आणि हा ब्लॉग, हे सगळं दूर कुठल्याशा डेटा सेंटरमधल्या एका मशीनवर आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या कंटेनरमध्ये राहतो. उरणच्या रस्त्याने न्हावाशेवाकडे जाणारे लोखंडी डबे आठवा. आत काय भरलंय याच्याशी ट्रेलरला काही देणंघेणं नसतं, तसंच. डॉकर हे साधन २०१३ साली आलं आणि हा प्रकार आमच्यासारख्या हौशी लोकांच्याही आवाक्यात आला. कुठला प्रोग्रॅम, कुठली आवृत्ती, कुठलं पोर्ट, डेटा कुठे, हे एका साध्या फाईलमध्ये लिहायचं. मग एसएसएचने त्या मशीनवर जायचं आणि 'डॉकर कंपोज अप' म्हणायचं. झालं!

आता डॅशबोर्ड. नुसतं बघायला तो छान असतो, कोण चालू आहे, कोण झोपलंय ते कळतं. पण एकदा बटण समोर आलं की माणूस ते दाबतोच. पासवर्ड इथे बदल, पोर्ट तिथे बदल... आणि फाईल मागेच राहते. सहा महिन्यांनी मशीन बसलं की कुठे काय दाबलं होतं हे सांगणारं कुणी नाही. गिटमध्ये ठेवलेली फाईल मात्र काय बदललं, कधी बदललं हे सांगते. आणि आपण जरा नीट लिहिलं असेल तर का बदललं तेही. शिवाय डॅशबोर्डला डॉकरचा ताबा द्यावा लागतो, आणि डॉकरचा ताबा म्हणजे जवळपास अख्ख्या मशीनची किल्ली. ती इंटरनेटवर उघड्या पानामागे ठेवायची माझी तरी तयारी नाही.

काळी खिडकी म्हणजे साधीभोळी गाय आहे असं मात्र नाही हं. 'डॉकर रन'ला 'हायफन व्ही' लावलं तर डेटाचा फोल्डर जोडला जातो. तेच 'हायफन व्ही' 'कंपोज डाऊन'ला लावलं तर फाईलमधले नाव दिलेले व्हॉल्यूम पुसले जातात. विचारत नाही, काही नाही. एकाच अक्षराचे असे दोन अर्थ ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

म्हणूनच दूरच्या मशीनला घरच्या लॅपटॉपवरूनच आज्ञा द्यायची 'डॉकर कॉन्टेक्स्ट'ची सोय २०१९ पासून असूनही मला ती रुचत नाही. आपण आत्ता कुठल्या मशीनशी बोलतोय हे विसरायला एक फोन पुरतो. रीतसर लॉगिन केलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव दिसतं. तेवढा आळस सोडावा.

अजून एक. डेटाबेसपुढे 'लेटेस्ट' लिहू नये, आवृत्तीचा आकडाच लिहावा. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की नवा सर्व्हर जुना डेटा उघडतच नाही, सरळ बंद पडतो. आणि बॅकअप म्हणजे डेटाबेसचा डंप. चालू डेटाबेसच्या फाईली नुसत्या कॉपी करणं नव्हे.

आता घरच्यांचा मुद्दा. उद्या मी आजारी पडलो, किंवा नसलोच, तर ते फोटो कोण उघडणार? बटणांची सवय वारसाहक्काने देता येत नाही, फाईल देता येते. भाच्याची एसएसएच किल्ली मशीनवर घातलेली आहे. दिवाळीत तो आला की त्याला एक कोरं मशीन, ती फाईल, पासवर्डांचं पाकीट आणि कालचा बॅकअप देणार आहे, आणि मी स्वतः स्वयंपाकघरात चकल्या तळत बसणार आहे. काहीही विचारायचं नाही, फक्त कपाटातला एक पानी कागद वाचायचा. मशीनचं भाडं कुठल्या कार्डावरून कापलं जातं, तेही त्याच कागदावर आहे.