कचेरीची वेळ आणि खिशातला फोन

कार्यालयीन वेळेत भ्रमणध्वनी गरजेपुरताच वापरावा, शक्यतो टेबलावरच्या दूरध्वनीवरून बोलावे आणि खासगी संभाषण कक्षाबाहेर जाऊन करावे, अशा सूचना महाराष्ट्र शासनाने जुलै २०२१ मध्ये दिल्या, त्या गैर नव्हत्या. कान आणि खांदा यांच्यात फोन दाबून शिक्का शोधणारा कारकून खिडकीपुढे तिष्ठणाऱ्या अर्जदाराच्या चांगल्याच परिचयाचा आहे. मात्र त्याच्या पुढच्याच महिन्यात राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले सदोष फोन परत करण्याचे आंदोलन केले, कारण ‘पोषण ट्रॅकर’वर, म्हणजे बालकांच्या पोषणाची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅपवर, माहिती त्यांनीच भरायची होती आणि हातातले यंत्र साथ देत नव्हते. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर आदेश धाडणाऱ्या साहेबाला कर्मचाऱ्याचा खासगी फोन चालतो, दुपारी त्याच फोनवर पाळणाघरातून आलेला निरोप तेवढा खटकतो. वाहन चालवताना हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ठरवले, तेथे सवलतीचा प्रश्नच नाही. इतरत्र फोन काढून घेणाऱ्या मालकाने तातडीचा निरोप पोचवणारा एक क्रमांक आधी घरच्यांना द्यावा.