आधी ओआरएस, मग दही, कॅप्सूल शेवटी

पावसाळा लागला की उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत लेकरांचे जुलाब सुरू होतात. आई पोराला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात जाते आणि पुडी घेऊन येते : एक अँटिबायोटिक, एक संडास बांधणारी गोळी आणि 'पोटातले चांगले जंतू' वाढवणारी कॅप्सूल. दिवसाची मजुरी त्यात जाते. ओआरएसचे पाकीट मात्र त्या पुडीत बहुतेक वेळा नसते. माझा आक्षेप आहे तो इथे.

चांगले जंतू ही काही थाप नाही. ते आपल्या घरात रोज राबतात. कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लाने दुधातले प्रथिन गोठते आणि दही लागते. दूध कढत असेल तर हे जंतू मरतात. डिसेंबरच्या थंडीत ते सुस्तावतात, म्हणून आपण भांडे फडक्यात गुंडाळून ठेवतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की सकाळचे दही दुपारी आंबट ढाण होते, ती याच जंतूंची घाई. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही दही बहुधा सोसते, कारण काही साखर जंतूंनी आधीच संपवलेली असते आणि उरलेली पचवायला ते आतड्यात हातभार लावतात. ज्वारीच्या आंबिलीला आंबटपणा येतो तोही अशाच जंतूंमुळे.

कॅप्सूलमध्ये यांचेच निवडक, मोजलेले भाऊबंद असतात. पण एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. आपल्यासारख्याच कोलकात्याच्या एका झोपडपट्टीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर अभ्यास झाला. १२ आठवडे काहींना रोज जिवंत जंतूंचे पेय दिले, काहींना बिनजंतूंचे. जंतूवाल्या मुलांत जुलाब १४ टक्क्यांनी कमी झाले. फायदा झाला, नाही कशाला म्हणू? पण साबणाने हात धुण्याची सवय लावली तर जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, आणि साबणाची वडी महिनाभर पुरते. जुलाब लागल्यावर कॅप्सूल दिली तर? अमेरिकेत ९७१ मुलांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. तिथे जंतू दिलेली आणि न दिलेली मुले सारखीच बरी झाली.

उलट उदाहरणही आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला. एक निवडलेला वाण त्याच्या खाद्यासह आठवडाभर दिला, तर रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा बाळ दगावणे ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. मोठी गोष्ट आहे. पण म्हणून कोणी बाळाला दह्याचे बोट चाटवू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. त्या दुधातच बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचे खाद्य असते.

आता आपल्या घरांची खास गोष्ट. सिकलसेल आपल्या समाजात जास्त आहे, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. अशा मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर दुखण्याने तळमळते. वॉर्डात मी अशी लेकरे पाहिली आहेत : कॅप्सूल सुरू, पाणी बंद. कोणीतरी सांगितलेले असते की पाणी पाजले तर संडास वाढेल. बायांनो, पाणी बंद करायचे नसते. ओआरएस आणि झिंक आशाताईकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवा. झिंक १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. सहा महिन्यांवरच्या मुलाला दही-भात, ताक खुशाल चालू ठेवा. संडास बांधणारी गोळी लहान मुलाला नकोच, ती धोक्याची आहे. संडासात रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, पाणीही न घेणे, यातले काहीही दिसले तर दवाखाना गाठा. सिकलसेलचे मूल असेल तर एवढीही वाट पाहू नका.

कॅप्सूलला जागा आहे ती अशी : डॉक्टरांनी खरोखर गरजेचे अँटिबायोटिक दिले आणि त्यानेच पोट बिघडू लागले, तर तिचा उपयोग होऊ शकतो. घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. काही अँटिबायोटिकच्या पाकिटावर 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' असेही छापलेले असते. तेवढ्याने ती गोळी जुलाबाची होत नाही. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे, त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही.

आणि एकाच आठवड्यात गल्लीतल्या चार घरांत जुलाब लागले, तर दोष पोटांचा नाही, पाण्याचा असतो. नळाची पाइप नालीतून जात असेल तर तिचा फोटो काढा, घरांची यादी करा आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच वापरा.