चित्रकलेचा तास आणि विकतचे प्रकल्प

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांच्या दुकानांत एक निराळाच माल मांडलेला दिसतो. थर्माकोलचा किल्ला, पुठ्ठ्याची पवनचक्की, चकचकीत कागदाची फुले, आणि ज्यात फक्त नाव लिहावयाचे राहिले आहे अशी तयार प्रकल्पवही! हायस्कुलातील मुलास चित्रकलेच्या शिक्षकांनी प्रकल्प सांगावा, मुलाने तो बापास सांगावा, बापाने दुकानदारास सांगावा, दुकानदाराने फळीवरून काढून द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या टेबलावर जाऊन त्यास गुण मिळावेत, असा हा व्यवहार बिनबोभाट चालू आहे. या व्यवहारात पैसा फिरतो, वस्तू फिरते, गुणही फिरतात. एका जागी मात्र काहीच हालत नाही, आणि ती जागा म्हणजे मुलाचा हात. तिवसे व आसपासच्या गावांतील सुज्ञ पालक आणि व्यापारी मंडळी यांच्यापुढे आज आम्ही हाच विषय मांडीत आहोत.

प्रथम आमच्यावर येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार करू. कित्येक गृहस्थ म्हणतील की, कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाची विवंचना डोक्यावर असता चित्रकलेच्या तासावर अग्रलेख खर्ची घालण्याचे प्रयोजन काय? मुलाने गणित-इंग्रजीत पुढे यावे, चित्र काढून कोणाचे पोट भरले आहे? यावर आमचे उत्तर असे की, ज्या मुलास विकत आणलेली वस्तू स्वतःची म्हणून मांडण्यास आपण तेराव्या वर्षी शिकविले, त्यास आपण चित्रकला शिकविली नाही हे खरेच. पण दुसरे काहीतरी शिकविले आहे. काम न करता कामाचे श्रेय घ्यावे, आणि ते सर्वांच्या संमतीने घ्यावे, हा तो धडा होय. तोच मुलगा उद्या ठेकेदार होऊन पूल बांधील, किंवा कारकून होऊन तपासणीचा कागद भरील, तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आपणांस कोठून राहणार?

पूर्वपीठिका पाहू. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये कलाशाळा निघाली. 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत अनेक हंगाम राहून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. ते काम नकलेचे होते हे खरे. परंतु भिंतीपुढे बसून, अंधारात डोळे ताणून केलेल्या नकलेतही निरीक्षण असते. आजच्या प्रकल्पात तेवढेही उरलेले नाही. कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांविषयी आम्हांस आदर आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा त्यात होणारा अभ्यास हाताला शिस्त लावतो. पण या परीक्षांतील श्रेणीस दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून साधनालाच साध्य मानण्याची वृत्ती बळावली. एकच संकल्पचित्र महिनाभर घोटून पाठ करावयाचे आणि परीक्षेच्या कागदावर उतरवून यावयाचे! ज्या चित्रात संकल्प दुसऱ्याचा आहे त्यास संकल्पचित्र म्हणणे ही शब्दाची विटंबना होय.

खरा प्रकल्प कसा असतो हे पाहण्यास आपणांस विलायतेस जावयास नको. वर्धा नदी ओलांडली तरी पुरे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, तीत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार देशापुढे ठेविला आणि त्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीची योजना निघाली. पुढे 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामास कलाशिक्षक म्हणून आले आणि कित्येक वर्षे त्यांनी तेथील मुलांस चित्रे व मातीकाम शिकविले. कला हा शिक्षणावरचा शृंगार नसून शिक्षणाचा पाया आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे त्यांनी आपल्या ग्रंथास नावही तेच दिले. त्याहीपूर्वी, 1936 च्या डिसेंबरात, खानदेशातील फैजपूर या खेड्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बसू यांनी बांबू आणि गावात मिळणारे साहित्य घेऊन तेथील मंडपाची सजावट सिद्ध केली. एवढ्या मोठ्या चित्रकारास जे साहित्य हलके वाटले नाही, ते आमच्या हायस्कुलातील मुलास हलके वाटावे, आणि थर्माकोल मात्र प्रतिष्ठेचे वाटावे, याला काय म्हणावे?

या प्रश्नाचे खरे मूळ आमच्या मते येथेच आहे. बांबूचे सूप विणतो तो बुरूड, मडके घडवितो तो कुंभार, तिफण करतो तो सुतार, अशी कामाची जातवार वाटणी करून आम्ही हातांच्या विद्येस शाळेच्या दाराबाहेर उभे केले आणि आत केवळ पाठांतरास पाट मांडला. पांढरपेशा घरातील मुलाचे हात मातीने भरले तर आईस लाज वाटते. आणि कुंभाराच्या मुलास आपल्या बापाची विद्या शाळेत सांगण्याची लाज वाटते. या दोन लाजा एकाच पोटच्या आहेत, आणि त्या घालविण्यास चित्रकलेच्या तासाइतके सोपे व बिनखर्ची साधन दुसरे नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडून सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या हाताखाली मुलांनी काही काळ काढावा असे म्हटले आहे. आमची सूचना एवढीच की, त्या कारागिरास शाळेत बोलवावे ते 'गुरुजी' म्हणून बोलवावे, त्यास खुर्ची द्यावी, आणि त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा. फुकट राबवून घेतलेला गुरु हा गुरु नव्हे.

आता प्रत्यक्ष कामे कोणती द्यावीत? केवळ टीका करून हात झटकणे हा आमचा मार्ग नव्हे, म्हणून काही नमुने येथे देतो.

पहिला प्रकल्प दुकानाच्या पाटीचा. सध्या जिकडे तिकडे छापील फ्लेक्स झाल्यामुळे कुंचल्याने सुंदर अक्षर काढणाऱ्या पेंटरांचा धंदा बसला आहे. मुलाने एका दुकानदाराकडे जावे, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत आधी काय भरावे हे त्यास विचारावे, तीन निरनिराळे आराखडे करून दाखवावेत, आणि पसंत पडलेली पाटी हाताने रंगवावी. यात अक्षरलेखन आहे, भूमिती आहे, आणि दुसऱ्याची गरज समजून घेण्याचे व्यवहारज्ञानही आहे.

दुसरा प्रकल्प रंगांचा. फाल्गुनात पळस फुलतो. गेरू, चुना, हळद आणि काजळ घरोघरी आहेत. हळदीत चुना मिळविला की ती लाल होते, हे आपल्या घरातील बाया पिढ्यान्‌पिढ्या जाणतात; मुलाने ते स्वतः करून पाहावे, कोणत्या रंगात काय मिसळले असता काय होते याची वही ठेवावी, आणि त्याच रंगांनी चित्र काढावे. येथे चित्रकलेचे शिक्षक व रसायनाचे शिक्षक यांस एकाच बाकावर बसावे लागेल, हाही लाभच होय.

तिसरा प्रकल्प तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन बोजारा मागण्याची आपल्याकडची रीत किती गोड आहे! पण तो बैलही आता बहुधा विकतचा. मुलाने गोठ्यातील बैल तासभर न्याहाळावा, त्याचे वशिंड, खांदा, पाय यांची रेखाटने करावीत, आणि मग मातीचा बैल घडवावा. ज्याच्या घरी बैल नाही त्याने शेजाऱ्याचा पाहावा.

चौथा प्रकल्प कौंडण्यपुराचा. रुक्मिणीचे माहेर म्हणून ज्याची ख्याती, जेथून तिची पालखी पंढरपुरास जाते, ते प्राचीन स्थान आमच्याच तालुक्यात वर्धेच्या तीरी आहे. आमची किती मुले तेथे कागद-पेन्सिल घेऊन बसली असतील? नदीचा काठ, तेथील पायऱ्या, देवळाचा खांब, यांची मोजून काढलेली रेखाटने दरवर्षी एका वर्गाने केली, तर दहा वर्षांत गावापाशी स्वतःचा एक चित्रसंग्रह होईल.

पाचवा प्रकल्प सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड: घरातील एका माणसाचे हात. कापूस वेचणाऱ्या आईचे, तराजू धरणाऱ्या बापाचे, वाती वळणाऱ्या आजीचे. वऱ्हाडातील कित्येक घरांवर शेतकऱ्याच्या आत्महत्येची छाया पडलेली आहे. त्या घरातील मूल वर्गात गप्प बसते. निबंधात त्याला शब्द सापडत नाहीत. चित्राने दुःख नाहीसे होते असे आम्ही म्हणत नाही; पण जे बोलता येत नाही ते दाखविता येते, आणि ज्याने ते पाहावे असा एक शिक्षक त्या मुलास भेटतो. म्हणून अशा चित्रास गुण देऊ नयेत, ते भिंतीवर लावण्यापूर्वी मुलाची अनुमती घ्यावी, आणि शिक्षकांनी त्याच्याजवळ क्षणभर बसावे.

राहता राहिला परीक्षणाचा प्रश्न. तो सोडविल्याशिवाय विकतचा प्रकल्प हटणार नाही. केवळ तयार वस्तूस गुण दिले की वस्तू बाजारातून येणारच! म्हणून वीस गुणांपैकी आठ कच्च्या आराखड्यांच्या वहीस, सहा निरीक्षणास व तोंडी सांगण्यास, आणि केवळ सहा पुऱ्या झालेल्या कामास द्यावेत. काम वर्गातच व्हावे, चार आठवडे चालावे. वाकडे असो, पण स्वतःचे असो. खोडलेली रेघ ही चूक नसून श्रमाची साक्ष आहे, हे मुलास प्रथम दिवशीच सांगावे.

शिक्षक कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेस कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे लिहिलेले आहे. आपल्या गावच्या शाळेत तो आहे किंवा नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारणे हा पालकांचा हक्क आहे. आणि चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा तास घेतला जातो काय, हेही तेथेच विचारावे.

व्यापारी बंधूंस आमची वेगळी विनंती आहे. तयार प्रकल्प विकून होणारा नफा तो किती? त्याऐवजी कागद, रंग, कुंचले ठेवा. रिकामी खोकी व पुठ्ठे शाळेस द्या. एकेका मुलास आपल्या दुकानाची पाटी करू द्या. नगरपंचायतीने आठवडी बाजाराच्या एखाद्या दिवशी या कामांचे प्रदर्शन मांडण्यास जागा द्यावी. ज्या बाजारातून आज नकली प्रकल्प शाळेत जातो, त्याच बाजारात मुलाच्या हाताचे अस्सल काम येऊन मांडले जावे, यासारखी दुसरी शोभा नाही.

पालकांस शेवटचा शब्द. पुढच्या वेळी मूल प्रकल्पासाठी पैसे मागेल तेव्हा त्याच्या हातावर नोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि "तुला काय करावेसे वाटते?" एवढे विचारा. उत्तर लगेच येणार नाही. ते येईपर्यंत धीर धरणे, हेच त्या प्रकल्पातील तुमचे काम होय.